कोकिळाबाईंचा होकार

३ जून, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहीत जा. कशासाठी, ते नीट सांगितलं नाही. मी गेलो होतो झोप लागत नाही म्हणून, आणि त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं. हातातलं नव्हे, कागदावर, काटे-बिटे दाखवून. साठीला टेकलेल्या माणसाला! वर विचारतात, आज वार कोणता? मी म्हटलं, तुमच्या मागे भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, बघून घ्या की. आमची ही शेजारीच बसली होती, तिने मला कोपराने ढोसलं. मग मला बाहेर बसवून डॉक्टर तिच्याशी बराच वेळ बोलले. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणे, आत फिनेलचा वास फार. मला तर आला नाही.

तर लिहितो. मी वजनमाप ऑफिसात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिशाची मोहर लावून शिक्का मारायचा. हे काम नेहमी दोघांनी करायचं. एकाने प्रमाण वजन चिमट्याने उचलून पारड्यात ठेवायचं आणि मोठ्याने पुकारायचं, "एक किलो!" दुसऱ्याने ते डोळ्यांनी बघायचं आणि बरोबर असेल तरच तेच परत म्हणायचं. पहिली ती पुकार, दुसरा तो होकार. चूक असेल तर "नाही" म्हणायचं, समोर कोणी का असेना. होकाराशिवाय शिक्का नाही.

मला बारा वर्षं होकार देतात त्या कोकिळाबाई. खरं नाव वेगळं आहे. आवाज फाटक्या भोंग्यासारखा, म्हणून आम्हीच ठेवलेलं हे नाव, आणि त्यांनी ते मिरवलंय. एकदा वरून आलेल्या मोठ्या साहेबांनी हौसेने चिमटा हातात घेतला आणि पाचशे ग्रॅमला किलो म्हणाले, तर बाईंनी भर बैठकीत "नाही!" असं ठणकावलं की खिडकीतली कबुतरं उडाली. त्यापायी बढती लांबली त्यांची. पण चुकीच्या वजनाला होकार? जीव गेला तरी देणार नाहीत.

३० सप्टेंबरला माझी नोकरीची तीस वर्षं भरतात. नियम सोपा आहे. तीस भरली की पूर्ण पेन्शन. त्याआधी सरकारी डॉक्टरने कामाला नालायक ठरवलं तर निम्मी. आणि आपणहून राजीनामा दिला तर हात हलवत घरी. चार महिने राहिले. सहज निघतील.

७ जून

आज आमच्या पहिलवानाचा निरोप झाला. रेकॉर्डरूम सांभाळायचा. अंगाने दणकट, कुठला कागद कुठल्या फडताळात ते डोळे मिटून सांगेल. काल तीस भरली, आज चालला. मी म्हटलं, अरे, तुला साठीला अजून अवकाश आहे, एवढी घाई का? तर म्हणतो, "दादा, तीसच्या पुढे कितीही राबलो तरी पेन्शन तसूभर वाढत नाही. मग फुकट कशाला मरू?"

बरोबर आहे त्याचं. पण मला ते कधी नीट उमगलंच नाही. आमच्याकडे माणूस थकला म्हणून घरी जात नाही, आकडा भरला म्हणून जातो. ठणठणीत माणूस घरी, आणि त्याच्या आधी जी टंकलेखिका निवृत्त झाली, ती गुडघे गेलेले असताना आणखी दोन वर्षं कठडा धरून जिना चढत होती. कुणाला विचारलं तर म्हणतात, नियम आहे.

निरोपाची आमची रीत मात्र मला आवडते. हार नाहीत, भाषणं नाहीत. जाणाऱ्याने एक किलोचं पितळी प्रमाण वजन उचलायचं, मखमली पेटीतल्या त्याच्या खळग्यात ठेवायचं आणि शेवटची पुकार द्यायची. दर वेळी एक किलोच, दुसरं नाही. मग सगळं ऑफिस मिळून होकार देतं. पहिलवान एवढा धटिंगण, पण त्याची पुकार रडकी निघाली.

१८ जून

कोकिळाबाईंना झालंय तरी काय? आज तीन दुकानं केली आणि तिन्हीकडे मी वजन ठेवायच्या आतच यांची पुकार. "दोनशे!" मग मी म्हणायचं दोनशे. म्हणजे पुकार त्यांची आणि होकार माझा! ज्याची नोकरी जास्त त्याची पुकार, हे शेंबडं पोर सांगेल. मी रस्त्यातच उभा राहून विचारलं, "बाई, हा काय नवा शहाणपणा?"

"घसा मोकळा करत होते हो, दादा."

"मग घरी करा. माझ्या पारड्यावर नको."

हसल्या. पण चौथ्या दुकानातही तेच. वादच नको म्हणून मी होकार देऊन टाकला.

२ जुलै

हिने नवीनच टूम काढलीय. रोज संध्याकाळी मला घ्यायला ऑफिसच्या फाटकाशी येते. म्हणे, चालल्याने साखर उतरते. लग्न झालं त्या वर्षीही कधी आली नव्हती! शिपाई गालात हसतो. मी म्हटलं, "म्हातारपणी हे काय प्रेमाचं भरतं?" तर म्हणाली, "चला हो, गप." आणि माझं कोपर धरून रस्ता ओलांडला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

११ जुलै

ऑफिसात आज एकच कल्ला. वरून पत्रक येणार आणि तीसची बत्तीस होणार, अशी बातमी. जेवणाच्या सुट्टीत कोणी जेवलंच नाही. ज्या दोघांची एकतिसावी चालू आहे त्यांनी तर आजच अर्ज टाकले, बत्तिशीत अडकायला नको म्हणून. कालपर्यंत त्यांचं जायचं नावही नव्हतं. नियम नुसता खाकरला तरी माणसं पळत सुटतात.

घरी येऊन मी हिला सांगितलं. ती गिऱ्हाइकाच्या झग्याला इस्त्री करत होती. इस्त्री तिथेच राहिली आणि झग्यावर तपकिरी डाग. एवढी हिशेबी बाई, शिवणाच्या कामात एक टाका वाया घालवत नाही. खुर्चीवर मटकन बसली. मी म्हटलं, "अगं, दोन वर्षं काय, दहा करीन मी! मला काय धाड भरलीय?" त्यावर माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पदरात तोंड लपवून रडायला लागली. झग्यासाठी एवढं?

१२ जुलै

अफवाच निघाली. बत्तीस नव्यांना, आम्हाला तीसच. हिला सांगितलं तर देवासमोर जाऊन उभी राहिली.

२३ जुलै

आज जे ऐकलं ते लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी वेडा म्हणायला नको.

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. साहेब माझ्यापेक्षा लहान, चिमटा कसा धरायचा ते मीच शिकवलेलं. आत कोकिळाबाई. साहेब म्हणत होते, "तीस सप्टेंबरपर्यंत, बाई. कसंही करून. वर कळलं तर आपलं दोघांचं काही खरं नाही." बाई म्हणाल्या, "दादांना कळता कामा नये, बस्स."

मी पाय न वाजवता मागे फिरलो. म्हणजे इथे पाणी मुरतंय. तीस तारखेच्या आत मला उडवायचं आणि तिथे कोणालातरी चिकटवायचं, दुसरं काय असणार? पण मग बाई? बारा वर्षांत माझ्या डब्यातलं खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस गेला नाही. विचार करकरून डोकं भणभणलं. हिला सांगितलं तर म्हणाली, "साहेब तसे नाहीत हो." इतक्या पटकन म्हणाली की मला तिचाही संशय आला.

६ ऑगस्ट

शिक्का गेला. साहेबांनी शिक्का मागून घेतला आणि कोकिळाबाईंच्या हाती दिला. मला म्हणाले, "दादा, तुम्ही आता जरा प्रमाण वजनांची निगा बघा. तुमच्यासारखा हात कोणाचा नाही." गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. आता मी दिवसभर खोलीत बसून मऊ चामड्याने पितळ पुसतो. उघड्या हाताने वजनाला शिवायचं नाही, घाम लागला की पितळ झिजतं. ते मी कधीच विसरणार नाही.

आज मात्र एकदा बघतो तर किलोचं वजन माझ्या तळहातात, आणि चिमटा टेबलावर. कुणी दिलं हातात? खोलीत दुसरं कोणी नव्हतं. घाईघाईने पुसून ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. खरं तर मला लाज वाटली आणि भीतीही.

२० ऑगस्ट

वार्षिक आरोग्य तपासणीची यादी लागली. सगळ्यांची नावं, माझं नाही. साहेबांना विचारलं तर म्हणे, "तुमची ऑक्टोबरात, दादा." अहो, ऑक्टोबरात मी घरी असणार! आता कळला डाव. तपासणीला हजर नाही म्हणून ठपका ठेवायचा आणि काढायचं. मी काय दुधखुळा आहे? उद्या आपणच सरकारी दवाखान्यात जाणार, नाकावर टिच्चून तपासून घेणार, आणि "लायक" असा दाखला आणून साहेबांच्या टेबलावर आपटणार. हिला सांगितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. "नका ना जाऊ, माझी शपथ." शपथ कसली घालतेस! मी गेलो नाही तर आपल्या तोंडाला पानं पुसतील.

२१ ऑगस्ट

ही दूध आणायला खाली गेली तेवढ्यात निघालो. दवाखान्याचाच रस्ता धरला होता, ते पक्कं आठवतंय. पुलाशी डावीकडे. मग जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर आलो, आणि म्हटलं एवढं आलोच आहे तर मालकांना भेटून घ्यावं. नोकरीच्या आधी मी काटेदुरुस्तीच्या दुकानात होतो, ते तिथेच आहे. बघतो तर आत चपला आणि बूट. पोरीने विचारलं, "काय दाखवू, आजोबा?" मी म्हटलं, मालकांना बोलाव. ती म्हणे, मालक मीच. थट्टेलाही सीमा असते! मी तिथल्या बाकावर बसून मालकांची वाट बघितली. बराच वेळ. त्या पोरीने पाणी दिलं आणि माझ्या खिशातल्या ओळखपत्रावरून ऑफिसला फोन केला. आगाऊपणा नुसता.

कोकिळाबाई आणि ही, दोघी रिक्षातून आल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि ही हसायलाच लागली, रडत रडत हसत होती. "दवाखान्यात नाही गेले हो! नाही गेले!" बाई म्हणाल्या, "देव पावला, वहिनी."

यात देव पावण्यासारखं काय होतं? माझा दाखला राहिला तो राहिलाच.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस मी मेलो तरी विसरणार नाही.

हिला फाटकाशी यायला उशीर झाला म्हणून एकटाच निघालो आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे साबण घ्यायला थांबलो. त्याच्या काट्यावर माझाच शिक्का, मे महिन्यातला. तो सहज बोलून गेला, "दादा, तुमच्या बाई रविवारी येऊन परत तपासून गेल्या. मे महिन्यात त्या रजेवर असताना तुम्ही केलेली सगळीच दुकानं करतायत म्हणे, सुट्टीच्या दिवशी. बरं झालं, माझा थोडा कमीच भरत होता."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या शिक्क्यावर फेरतपासणी! आमच्या खात्यात फेरतपासणी फक्त लाचखाऊ माणसाच्या शिक्क्यावर होते. म्हणजे बारा वर्षं शेजारी उभी राहून ही बाई मला चोर समजते. काटा कमी भरत होता म्हणे! कसा भरेल? मी तपासला होता. होता ना? त्या दिवसाचं काही डोळ्यांसमोर येत नाही, पण मी तपासल्याशिवाय शिक्का मारीनच कसा?

घरी न जाता परत ऑफिसात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा राजीनामा लिहिला. दोन ओळी. पेन्शन गेली खड्ड्यात, अब्रू आधी. साहेबांच्या हातात दिला. त्यांनी उभं राहून घेतला, वाचला, म्हणाले, "ठीक आहे, दादा. माझ्याकडे ठेवतो." आणि खणात टाकला. थांबा, विचार करा, एक शब्द नाही. बघा, माझं जाणं किती हवं होतं त्यांना.

हिला सांगितलं नाही. धीर होत नाही. शिवणाच्या मशीनवर वाकून तिची पाठ कशी झालीय ते मला दिसतं. आता म्हातारपणी मी तिला काय खायला घालणार? मी हे काय करून बसलो?

१३ सप्टेंबर

ऑफिस. वजनं पुसली. ही फाटकाशी आली होती. विशेष काही नाही.

१७ सप्टेंबर

किराणावाल्याकडून कळलं की कोकिळाबाई माझ्या शिक्क्यांची फेरतपासणी करतायत! चोर समजतात मला! आयुष्यात पहिल्यांदा राजीनामा लिहिला आणि साहेबांच्या हातात ठेवला. ते म्हणाले, "ठीक आहे, दादा. माझ्याकडे ठेवतो." त्यांचा खण उघडला तेव्हा आत असेच दोन-चार घडी घातलेले कागद दिसले. म्हणजे मी एकटाच नाही, आणखीही कोणी वैतागलंय या ऑफिसला.

२३ सप्टेंबर

आज मागची पानं चाळली. १२ तारखेचं आणि १७ तारखेचं वाचलं. अक्षर माझंच आहे. पण मी तर राजीनामा अजून दिलेलाच नाही, उद्या देणार होतो. मग हे कोणी लिहिलं?

हिच्यापुढे वही धरली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग एक आठवडा काही विचारू नका. रोज ऑफिसात जा, वजनं पुसा, घरी या. एवढंच करा माझ्यासाठी."

"आणि राजीनामा?"

"तो मला द्या. मी पोचवते."

मी दिला. काय चाललंय मला कळत नाही. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि माझ्यापासून ते लपवलंय, एवढं खरं. पण ही म्हणाली एक आठवडा, तर एक आठवडा. तिच्याबरोबर एवढी वर्षं काढली, आणखी सात दिवस काय जड आहेत?

३० सप्टेंबर, सोमवार

भरली! तीस वर्षं भरली. साहेबांनी सकाळीच सहीचा कागद दाखवला. पूर्ण पेन्शन, वर ठसठशीत शिक्का. मी म्हटलं, "बघा, नाही ना जमलं तुम्हाला मला काढायला?" साहेब म्हणाले, "नाही जमलं, दादा." आणि वाकून पाया पडले. पोरगा मनाने वाईट नाही. वरच्यांच्या सांगण्यावरून करत असेल.

हिलाही बोलावलं होतं. साहेबांनी तिला एक जाडसर पाकीट दिलं, म्हणाले, "वहिनी, हे तुमच्याकडेच असू द्या." तिने उघडूनही न बघता चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. आभाराची पत्रं असतील, ठेवायला हवी होती. पण आज भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मग निरोप. सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. पहिलवानसुद्धा आला होता, घरी बसून कंटाळलाय म्हणे, परत घेता का विचारत होता. मखमली पेटी उघडी. मी चिमट्याने वजन उचललं. बरोबर खळग्यात ठेवलं आणि छाती भरून पुकारलं,

"दोनशे ग्रॅम!"

होकार आला नाही. नंतर मान वळवून सगळे कोकिळाबाईंकडे बघायला लागले. साहेबसुद्धा. मला कळेना. साधी तर रीत आहे, होकार द्यायचा, एवढंच. बाईंचे ओठ हलले आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "काय बाई, चुकलं का काही?"

त्यांनी पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि त्यांच्या त्या फाटक्या भोंग्यातून अशी काही आरोळी निघाली की खिडकीतली कबुतरं उडाली.

"दोनशे ग्रॅम!"

मग सगळं ऑफिस म्हणालं. हीसुद्धा म्हणाली, तिचा काय संबंध? कोकिळाबाई लगेच पाठ फिरवून खिडकीशी गेल्या. घसा बसला असणार. ते शिक्क्यांचं काहीतरी मला त्यांना विचारायचं होतं, पण नेमकं काय ते आठवेना. जाऊ दे.

क्षणभर मलाच शंका आली होती, उगाच खोटं कशाला लिहू. हाताला वजन जरा जड लागलं होतं. पण कोकिळाबाईंनी आजवर चुकीच्या वजनाला कधी होकार दिलेला नाही. म्हणजे माझं बरोबरच होतं.